हनीफभाईंची दगडांची बाग

आमच्या पुण्यातल्या सोसायटीनं परवा फाटकाशी 'रॉक गार्डन' केलं. म्हणजे काय केलं, तर एका गोल वाफ्यात मातीचा ढीग ओतला, त्यावर नदीतले गुळगुळीत गोटे टोचले, निम्म्यांना पांढरा रंग फासला, मधोमध सिमेंटचा बगळा उभा केला आणि सेक्रेटरींनी नारळ फोडला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. पण त्या दिवसापासून खाली उतरलं की मला चैन पडत नाही. गोट्यांकडे न बघता बाहेर पडायचं असं मी रोज ठरवतो आणि रोज बघतो. एकदा तर वॉचमन जेवायला गेला असताना एक गोटा मी पायानं सरकवून पाहिला. साठी उलटलेला माणूस, निवृत्त प्राध्यापक, आणि चोरासारखा इकडेतिकडे बघत गोटे सरकवतोय! ही खोड मूळची माझी नाही. ती मला रत्नागिरीत लागली, शेजारच्या हनीफभाईंमुळे.

भाट्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आमची दोन घरं शेजारी शेजारी होती. मध्ये कमरेएवढा गडगा, म्हणजे चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचून केलेली भिंत. सगळा कातळ. कुदळ मारली तर कुदळच परत उडते, असली जमीन. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि तिथं घर बांधलं होतं ते केवळ शांततेसाठी. सात वर्षं ती मिळाली. मग हनीफभाई आखातातून कायमचे परत आले.

'कायमचे' हा त्यांच्या घरच्यांचा शब्द. त्यांनी स्वतः तो कधी वापरला नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "आलोय सध्या."

बत्तीस वर्षं ते तिकडे बागा करणाऱ्या कंपनीत होते. आधी मजूर, मग मुकादम, शेवटी फोरमन. वाळवंटात हॉटेलांभोवती हिरवळ लावायची, नळ्या अंथरायच्या, गोरे लोक खूष होतील अशा दगडांच्या बागा रचायच्या. हाताखाली साठ माणसं. अंगानं काटकुळे, उंच, डोक्यावर कंपनीची नारिंगी टोपी, भर उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि मनगटावरचं घड्याळ तिकडच्या वेळेवर. आपण किती वाजले विचारलं, की ते घड्याळ बघायचे, मनात दीड तास मिळवायचे आणि मग सांगायचे. मध्येच म्हणायचे, "आता तिकडं माणसं सुटली असतील." चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. लग्नाला गेले तरी पंगतीत वाढायला उभे. पायाला भिंगरी लागलेली माणसं मी पाहिली होती, पण ती निदान कुठेतरी जातात. हे अंगणातल्या अंगणात चालायचे.

त्यांची पत्नी जुलेखाभाभी जन्मानं इथलीच. सासू-सासऱ्यांचं करून, दोन मुलांना वाढवून, शिकवून, परगावी पाठवून, घर एकहाती राखून बसलेली शांत बाई. दोन वर्षांतून एकदा नवरा दीड महिना यायचा आणि जायचा. ती एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती, "वहिनी, मी ह्यांना पाहुणे म्हणूनच ओळखते. पाहुण्यांना काय आवडतं तेवढं मला ठाऊक. रोज काय खातात ते आता शिकतेय."

येऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच घरापुढच्या मोकळ्या कातळावर काम निघालं. दुपारी दोन ते चार ही माझी झोपायची वेळ. नेमकी त्याच वेळी पहार कातळावर आपटायची, ठण्ण! मी उशीत डोकं खुपसायचो. पुन्हा ठण्ण! शेवटी गडग्याशी जाऊन विचारलं, "हनीफभाई, काय चाललंय?"

"रॉक गार्डन, सर. तिकडं सत्तावीस केली. म्हटलं घरी एक नको काय?"

माझ्या बायकोनं आतूनच टोमणा मारला, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." तो त्यांनी ऐकला असावा, कारण हसले आणि पुढची पहार मारली.

ती पहिली बाग झकपक झाली. कातळावर लाल मातीचा उंचवटा, त्यावर ठिकठिकाणाहून आणलेले नाना रंगांचे दगड, मध्ये निवडुंग, भोवती पांढऱ्या खड्यांची रांगोळी. अगदी बेसनाच्या लाडवावर काजू लावल्यासारखी. लोक बघायला यायचे. पावसाळा सुरू होऊन आठ दिवस झाले आणि तो सगळा लाडू विरघळून माझ्या फाटकाशी आला. निवडुंग माझ्या गटारात, पांढरे खडे माझ्या पायरीवर. हनीफभाई डोक्यावर पोतं घेऊन, बादली घेऊन खडे वेचायला आले.

"तिकडं असा कधी झाला नाय, सर."

"तिकडे पाऊस पडतो?"

"नाय."

"मग?"

त्यांनी आणखी दोन खडे बादलीत टाकले. "मंग काय, बरोबर हाय तुमचा," म्हणाले. मला वाटलं, सुटलो. आता दुपारची झोप मिळणार. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कातळ फोडायचं मशिन भाड्यानं आणलं.

दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती, आणि ती मला कळायला हवी होती. त्यांनी कातळात पंधरा-वीस खड्डे पाडले, त्यांत उत्तम माती भरली, झाडं लावली, काठांवर दगड मांडले. ह्या खेपेला काही वाहून गेलं नाही. ऑगस्टात सगळी झाडं पिवळी पडली आणि एकामागून एक मेली. मी वर्गात मुळांना हवा लागते म्हणून तीस वर्षं ओरडून सांगितलेलं. पण गडग्यापलीकडे रोज झाडं मरताना बघून मला काय सुचलं, तर खत. मीच त्यांना खत सांगितलं. शिकवणारा आणि कळणारा ह्यांत असा फरक असतो.

कळणारा आला संगमेश्वराकडून. आमचा गडगा पावसानं एका जागी बसला होता, तो नीट करायला सखारामतात्या नावाचा म्हातारा आला होता. सारं आयुष्य गडगे रचण्यात गेलेलं. विडी पेटवून तो पलीकडे गेला, खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढून वास घेतला आणि म्हणाला, "भाई, ह्ये बाग नाय. तपेली हायत. कातळाच्या तपेल्यात झाड उकडत घातलंव तुमी."

हनीफभाईंना राग आला. साठ माणसांचा फोरमन तो. "मी बत्तीस वर्षं बागा केल्या," म्हणाले.

"केल्या असतील. पानी आनलंव असंल तितं. हितं पानी घालवायचा असता."

हे ऐकून हनीफभाई घरात निघून गेले. संध्याकाळी माझ्याकडे आले, नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "सर, बत्तीस वर्षं पाणी आणायचा काम केला. हे उलटा शिकायला एक जन्म पुरेल काय?" त्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं की मला माझ्या झोपेची लाज वाटली.

त्यानंतर सखारामतात्या आठ दिवसांसाठी आलेला दोन महिने राहिला. त्यानं आधी छिन्नी घेऊन प्रत्येक खड्ड्याला उताराच्या बाजूनं पन्हळ पाडली. मग दगड. दगड ठेवायचा नसतो, पुरायचा असतो, हे मी तिथं शिकलो. एक तृतीयांश अंग जमिनीत, जाड बाजू खाली, आणि माथा किंचित मागे कललेला, म्हणजे पावसाचं पाणी मागं मुरतं आणि झाडाच्या मुळाशी जातं. सगळे दगड एकाच जातीचे, आणि त्यांच्या अंगावरच्या रेघा एकाच दिशेनं. सखारामतात्या म्हणायचा, "बगनाऱ्याला वाटला पायजे, ह्यो समदा एकच कातळ हाय आनि जरासा वर आलाय." मातीऐवजी चिऱ्याच्या खाणीवरची जांभी चुरी, त्यात पाचोळ्याचं खत, मूठभरच. निवडुंगांची हकालपट्टी झाली. हनीफभाई शाळकरी पोरासारखे त्याच्या मागे मागे. दगड सरकवायचा, लांब जाऊन बघायचं, परत येऊन सरकवायचा. "जरासा सरकवून बघू या" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकलं असेल! दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण ह्या माणसाला विटेनं समाधान नव्हतं.

झाडं मात्र मी दिली. म्हणजे दाखवली. पावसाळा सरता सरता मी त्यांना सड्यावर नेलं. बोटभर मातीत, कातळाच्या भेगांत, काय काय उगवतं ते दाखवलं. सीतेची आसवं, गेंद, तेरडे. बत्तीस वर्षं लॉन लावणारा तो माणूस पालथा पडून फुलं बघत राहिला. "हे कोण लावतो?" विचारलं त्यांनी. मी म्हटलं, कुणी नाही. "आणि पाणी?" कुणी नाही. उठून त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. लहानपणी ह्याच सड्यावर गुरं राखली होती त्यांनी, आणि ही फुलं त्यांना आठवत नव्हती.

उपटू मी काही दिलं नाही. बिया गोळा करायच्या, एवढंच. पण पलीकडे एका प्लॉटसाठी कातळ सपाट करत होते, तिथलं जाणारच होतं. हनीफभाईंनी जेसीबीवाल्याला चहा पाजून दोन दिवस थांबवलं आणि शेवाळ, गवत, कंद ह्यांच्यासकट कातळाच्या लाद्याच्या लाद्या उचलून आणल्या. ओलं गोणपाट घालून, टेम्पोच्या मागच्या हौद्यात. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा होती. पण हे मागे, लादीवर हात ठेवून, प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या घालत. एका लादीत कंदीलपुष्पाचे कंद निघाले. दुर्मिळ वेल. मी नाचायचा तेवढा राहिलो. ते सगळ्यांत मोठ्या दगडाच्या पुढ्यात लावलं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, माणूस रमला. तसं नव्हतं. दर एक-दोन महिन्यांनी तिकडून मॅनेजरचा फोन यायचा. नव्या पोरांना शिकवायला माणूस हवा, हनीफ, आ जाओ. फोन आला की हनीफभाई फाटकाबाहेर जाऊन बोलायचे, आणि परत आल्यावर त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसायचा. मॅनेजरला उत्तर ठरलेलं, "घरची बाग पुरी करतो, मग सांगतो." भाभीलाही तेच. "बाग लागू दे, मग बघू."

एके दिवशी ते चुरी आणायला गेले असताना भाभी गडग्याशी आल्या. हातात तिखोऱ्यांची, त्यांच्याकडच्या खाऊची, ताटली होती. ती देऊन म्हणाल्या, "सर, एक मागू? ही बाग पुरी होऊ देऊ नका."

"म्हणजे?" मी विचारलं.

"पुरी झाली की हे जाणार. म्हणून मी रोज सांगते, तो दगड वाकडा दिसतो. हा पुढे आलाय. मग हे आठ-आठ दिवस तेच करत बसतात. पण माझ्या एकटीच्या सांगण्याला किती दिवस? मला काय दगडातलं कळतं? तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणालात तर ऐकतील."

आणि मी, जन्मभर पोरांचे मार्क कापणारा, त्या दिवसापासून सराईतपणे खोटं बोलू लागलो. दगडाखाली हात सापडावा तशी गत. सखारामतात्यानं रचलेला एक सुरेख चढ होता, त्याला मी 'जरा उजवीकडे झुकतोय' म्हणालो. हनीफभाईंनी मान वाकडी करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहार आणायला गेले. पुढे पुढे मला त्याची गोडीच लागली. बायको म्हणायची, स्वतःच्या झोपेचं खोबरं स्वतःच्या हातानं करताय. दोन वर्षं अशी गेली. सखारामतात्या एकदा येऊन बघून गेला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "भाई, दगडाला जरा घर करू द्या की वो!"

तिसऱ्या वर्षी मॅनेजरनं फोन न करता कागद पाठवले. व्हिसा तयार, सप्टेंबरअखेर या, नाहीतर दुसरा माणूस घेतो. ह्या वेळी हनीफभाईंचा चेहरा तरुण झाला नाही. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कागद जेवणाच्या टेबलावर पडून. पहाटेपासून अंगणात फेऱ्या. एक दगड सकाळी सरकवायचे आणि दुपारी मूळ जागी आणायचे. जेवण तुटलं. मला गडग्याआडून ते बघवत नव्हतं आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं.

त्याच महिन्यात मीही रत्नागिरी सोडणार होतो. मुलीनं पुण्याला बोलावलं होतं, घर विकलं होतं. निघायच्या आदल्या रविवारी सकाळी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा भाभी ओट्यावर होत्या. हळूच म्हणाल्या, "सर, मी चूक केली. माणूस धरून ठेवला मी, आणि तो काही घरात नव्हता. बत्तीस वर्षांत मला वाट बघायची सवय झालीय. ती जमेल मला अजून. हे असं बघायला नाही जमत." आणि ओढणी सावरून त्या खाली उतरल्या.

बाग त्या दिवशी खरोखर बाग झाली होती. दगडांच्या कपारींतून जांभळी आसवं, पांढरे गेंद, आणि मोठ्या दगडाच्या पुढ्यात माझं कंदीलपुष्प, तीन कळ्या उमललेल्या. कुठे कातळ संपतो आणि कुठे हनीफभाईंचं काम सुरू होतं, ते सांगता आलं नसतं. ते पलीकडे पहार टेकून उभे होते. सवयीनं त्यांनी विचारलं, "काय, कसा वाटतो?"

भाभींनी बागेवरून एक नजर फिरवली. सावकाश. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. सगळेच बरोबर आहेत. ह्यात आता हलवायचं काय राहिलं नाय. तुम्ही फोन करा त्यांना."

हनीफभाई माझ्याकडे बघू लागले. दोन वर्षांत मी प्रत्येक दगडात खोट काढली होती. पण भाभी समोर होत्या. मी मान हलवली, तीही कुठल्या दिशेनं ते मला आज सांगता येणार नाही. त्यांनी भाभींकडे पाहिलं. त्या रडत नव्हत्या. ताठ उभ्या होत्या, लग्नातल्या फोटोत उभ्या राहाव्यात तशा. मग हनीफभाई मोठ्या दगडाभोवती फिरले. एकदा. दोनदा. चार माणसांनी, दोन दिवस खपून बसवलेला तो दगड, सगळ्या बागेचा मधला खांबच. त्याच्यात सखारामतात्यालाही कधी काही गैर दिसलं नव्हतं.

त्यांनी पहार त्याच्या बुडाशी घातली आणि सगळं वजन टाकलं.

"अहो!" भाभी ओरडल्या.

दगड करकरला, उचलला गेला आणि आडवा झाला. थेट कंदीलपुष्पावर. "माझी वेल!" मी किंचाळलो. त्या दोघांपैकी कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला खरोखर राग आला, आणि रागातच माझे डोळे भरून आले, ते कशासाठी ते मी ठरवू शकलो नाही.

"वाकडा हाय," हनीफभाई धापा टाकत म्हणाले. "कधीचा बघतोय मी. वाकडाच हाय." मग भाभींना म्हणाले, "तिकडसून धर गो. एकट्याचा काम नाय ह्या."

तीन वर्षांत त्यांनी तिला दगडाला हात लावू दिला नव्हता. तिनं चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि दगडाच्या खाली दोन्ही हात घातले. "कंबर मोडेल तुमची," म्हणाली. "मोडू दे," ते म्हणाले.

मी शर्टाच्या बाह्या वर करत पुढे झालो.

"राहू द्या, सर," हनीफभाई म्हणाले. "आमचा आम्ही करतो."